उभी राहिली की थरथरते

आमची गाडी पळताना अत्यंत गुणाची आहे. राजूर घाट दुसऱ्या गियरवर मुकाट्याने चढते. चिखलीच्या रस्त्यावर साठच्या वेगात अशी जाते, की शेजारी बसलेल्या बायकोला डुलकी लागावी. तिचं दुखणं थांबल्यावर सुरू होतं. जयस्तंभ चौकात एखादा ट्रॅक्टर आडवा आला आणि मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की दोन क्षण शांतता, आणि मग हिव भरल्यासारखी ती कापायला लागते. आधी आरसा. त्यात मागचा एकटा मोटारसायकलवाला तिघं सख्खे भाऊ असल्यासारखा दिसतो. मग गियरजवळ ठेवलेली नाणी खुळखुळतात. मग दाराची काच दारातल्या दारात दात वाजवते. माझा चष्मा नाकावरून हळूहळू उतरू लागतो आणि बायकोच्या मांडीवरच्या पिशवीतली मेथी कीर्तनात बसल्यासारखी मान डोलावते.

"काका, गाडी व्हायब्रेटवर टाकली काय?" असं चौकातल्या केळीवाल्या पोराने विचारलं, त्या दिवशी मी ठरवलं की याचा छडा लावायचा.

गॅरेजच्या भाषेत गाडी जागच्या जागी, पाय न देता चालू राहण्याला 'स्लो' म्हणतात. आमची गाडी स्लो पकडत नाही, मिसिंग मारते. इंग्रजी पुस्तकात याच अवस्थेला आयडल म्हणतात आणि शब्दकोशात त्याचा अर्थ रिकामटेकडा असा दिला आहे. २०२१ ला मी कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झालो, तेव्हापासून माझंही तेच चालू आहे, असं बायकोचं म्हणणं. एकतीस वर्षं धावलात तोवर बरे होतात, आता बसायची वेळ आली तर घरभर थरथरत फिरता, डबे हलवता, नळ तपासता. मी तिचं म्हणणं खोडून काढलं नाही, कारण त्या वेळी मी खरोखरच नळ तपासत होतो.

गाडीची ओळख करून देतो. १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिरा गांधींनी या जातीच्या पहिल्या गाडीची किल्ली हरपाल सिंग यांच्या हातात दिली, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आमच्या गल्लीत चारचाकी म्हणजे फक्त भंगारवाल्याचा हातगाडा. जानेवारी २०१४ मध्ये हे मॉडेल बंद झालं. आमची मात्र चालूच आहे. पंधरा वर्षं भरल्यावर दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणी नवी करून घ्यायची असते. ती मी तीनदा केली आहे, त्यामुळे २०२७ पर्यंत ती सरकारदरबारी ठणठणीत आहे. इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर तीन. तीन सिलिंडरचं इंजिन जात्याच जरा डुलतं, चौरंगाऐवजी तिवईवर बसवल्यासारखं. (तिवई खरं तर चौरंगापेक्षा कमी डुलते, हे मी स्वतःच अकरावीला शिकवायचो. पण उपमा सुचली की शास्त्र बाजूला ठेवावं, असं आमचे मराठीचे सर सांगत.)

छडा लावायचा ठरवलं खरं, पण बुलढाण्यात एखाद्या गोष्टीचा छडा लावणं एकट्याच्या हातात राहत नाही. बॉनेट उघडून उभं राहायचा अवकाश, तुमच्या मागे चार जण हात पाठीशी बांधून उभे असतात. त्यातल्या एकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मले वाटते..."

सगळ्यात आधी वाटलं ते शेजाऱ्यांना. ते एसटीतून निवृत्त झालेले चालक. त्यांच्या मते गाडीला काही झालेलंच नव्हतं. "सर, ह्याले हालनं म्हनता तुम्ही? माह्या गाडीत दुधाची पिशवी ठेवली, तर मलकापूरला लोनी उतरवा लागे." तरीही माझ्या समाधानासाठी त्यांनी पेचकस मागवला आणि कार्बोरेटरवरचा स्लोचा स्क्रू अर्धा वळसा आवळला. थरथर थोडी दबली, पण गाडी उभ्या जागी ओरडायला लागली. हात कापतायत हे लपवायला वक्त्याने आवाज चढवावा, तसं. शिवाय आता पाय न देताही ती पुढे निघू पाहायची. भाजीबाजारात एकदा मी कोथिंबिरीचा भाव विचारत असताना तिने मला परस्पर कांद्यांपर्यंत नेलं.

मग मिस्त्री. आमच्याकडे गाडी दुरुस्त करणाऱ्याला मिस्त्रीच म्हणतात, घर बांधणाऱ्यालाही मिस्त्रीच. दोघांच्या बाबतीत 'उद्या देतो' याचा अर्थही एकच. या मिस्त्रींचा हात कार्बोरेटरवर बसलेला, हे गावभर प्रसिद्ध. त्यांनी गाडी सुरू करून ऐकलीही नाही. मी हात हलवून थरथर दाखवत होतो, तोवर त्यांनी एअर फिल्टर काढून बाकावर ठेवला होता. कार्बोरेटर उतरवला, पेट्रोलच्या ताटलीत बुडवला, दातांच्या जुन्या ब्रशने घासला, बारीक जेट तोंडाला लावून शंखासारखा फुंकला आणि मग करंगळीच्या नखावर काहीतरी धरून माझ्या डोळ्यांपुढे आणलं. "हे पाहा सर. हाच कचरा." खसखशीच्या दाण्याएवढा एक काळा ठिपका होता. तो माझ्या गाडीतला होता की त्यांच्या ताटलीतला, हे विचारायचं धाडस झालं नाही. आपल्या पोटातून निघालेला खडा डॉक्टरने बाटलीत घालून दाखवला, तर तो आपलाच कशावरून, असं कोणी विचारत नाही.

दोन दिवस गाडी बरी वाटली. पैसे दिल्यानंतर दोन दिवस प्रत्येक गोष्ट बरी वाटते.

तिसऱ्या दिवशी वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याची पद्धत मात्र पाहण्यासारखी होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्याने इंजिन चालू ठेवलं आणि पहिल्या प्लगवरची टोपी उपसली. इंजिन धापा टाकायला लागलं. टोपी परत बसवली, पुन्हा पूर्ववत. दुसरी उपसली, तसंच. तत्त्व सरळ आहे: जो सिलिंडर काम करत असेल त्याची ठिणगी तोडली की इंजिनचा जीव जातो. ठिणगी तोडूनही काही फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच हजेरीपटावर नाव असून वर्गात नसलेला. तिसरी टोपी उपसली. इंजिन पडलं, पण पहिल्या दोहोंइतकं नाही. "हा जरासा कामचुकार आहे," तो म्हणाला. मग त्याने तिन्ही प्लग खोलून रुमालावर ओळीने मांडले. प्लगच्या टोकाचा रंग पाहून आतली जळणाची तब्येत कळते. चॉकलेटी असला तर उत्तम. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा फटक पडला असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त. पहिले दोन चॉकलेटी होते. तिसरा उपासाच्या भगरीसारखा पांढरा.

आता पाहा, रोग त्या रुमालावर उताणा पडला होता. मी भौतिकशास्त्राचा माणूस, तो वायरिंगचा, आणि आमच्यामध्ये तो पांढरा प्लग. आम्ही दोघांनी तो पाहिला, दोघांनी मान हलवली, आणि त्याने तिन्ही प्लग नवे टाकले आणि तिन्ही वायरी बदलल्या. कारण त्याच्याकडे प्लग आणि वायरी होत्या.

गाडी थरथरत घरी आली.

त्यानंतरचं भराभर सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं काही नाही. टायरवाल्याच्या मते चाकांचं बॅलन्सिंग गेलं होतं. गाडी उभी असताना चाकं फिरत नसतात, हा मुद्दा मी मांडला, पण त्याला तो पटला नाही. वेल्डिंगवाल्याच्या मते इंजिनाखालचं रबरी माउंटिंग बसलं होतं. ते बदललं, तेव्हा थरथर तीच राहिली, फक्त तिचा सूर खर्जात गेला. चकचकीत काचांच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो, तर तिथला टाय लावलेला मुलगा हातात स्कॅनर घेऊन डॅशबोर्डखाली वाकला, दहा मिनिटं वाकलेलाच राहिला आणि लालबुंद तोंडाने वर येऊन म्हणाला, "सर, हिला पोर्टच नाहीये." नाडीच नसलेला पेशंट पाहिल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. पेट्रोल पंपावरचा मुलगा म्हणाला, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं, जुन्या गाड्यांना सोसत नाही. बँकेत नोकरी करणारा माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, विकून टाका, नवीसाठी कर्ज मी करून देतो." आमच्या गल्लीतल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी विचारलं, "थरथर सकाळी जास्त की संध्याकाळी? चालताना कमी होते का? थंडीत वाढते का?" मी घरी येऊन खूप हसलो. आता लाज वाटते, कारण तेवढ्या तीन आठवड्यांत गाडीविषयी धड प्रश्न फक्त त्यांनीच विचारले होते. बाकीच्या सगळ्यांकडे थेट उत्तरंच होती. आणि प्रत्येकाचं उत्तर त्याच्या दुकानातल्या फळीवर आधीच ठेवलेलं होतं.

याच सुमारास एका लग्नासाठी लोणारला जाणं झालं. जेवणं उशिरा होती म्हणून सरोवराच्या काठावर जाऊन बसलो. मागे गाडी चालू ठेवली होती, कारण गरम असताना बंद केली की ती परत सुरू व्हायला नखरे करते. ती तिथे थरथरत होती आणि समोर ते पावणेदोन किलोमीटरहून जरा मोठ्या व्यासाचं विवर शांत पडलं होतं. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. हे भगदाड कशाने पडलं, असा प्रश्न निघाला. दख्खनचं पठार सगळं लाव्हाचं, पाहणारे लाव्हाच्या अभ्यासात मुरलेले, त्यामुळे विद्वानांचं उत्तर ठरलेलं: ज्वालामुखीचं तोंड असणार, दुसरं काय? वेगळं बोलणारे अधूनमधून निघाले, पण त्यांचं कोण ऐकतो. शेवटी भूगर्भात भोकं पाडून नमुने काढले, तेव्हा त्यात मास्केलिनाइट नावाची काच सापडली, जी ज्वालामुखीत होत नाही, प्रचंड आघातानेच होते. १९७३ ला ते 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं आणि उल्कापाताचं निदान पक्कं झालं. दीडशे वर्षं! तेही एवढ्या मोठ्या खड्ड्याला, जो हलत नाही, डुलत नाही, पेट्रोल पीत नाही. २०२० च्या जूनमध्ये याच सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हाही मोबाइलवर प्रत्येकाला काही ना काही वाटत होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासलं आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले, तेव्हा कुठे वाटणं थांबलं. आमच्या जिल्ह्याला निदानाची घाई कधीच नव्हती, या विचाराने मला बरं वाटलं. तेवढ्यात गाडी बंद पडली.

आता मेहुण्याकडे येतो. मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण आम्हीही त्याला शेवटीच ठेवला होता.

मेहुणा मोताळ्याकडचा, घाटाखालचा, शेतकरी. त्याच्या विहिरीत पायऱ्यांवर जुना मोनोब्लॉक पंप बसवलेला आहे. इतरांनी पाणबुडी मोटारी घेतल्या, पण हा त्या मोनोब्लॉकला सोडायला तयार नाही. या पंपाचा एक स्वभाव असतो. खाली पाण्यात सोडलेल्या पाइपाला कुठे केसाएवढी चीर पडली किंवा फुटवॉलमध्ये काडी अडकली, की मोटर फिरते, आवाज होतो, पण पाणी येत नाही. पाणी ओढायच्या ऐवजी पाइप हवा घेतो. मेहुण्याच्या आयुष्याची अर्धी वर्षं ती चीर शोधण्यात गेली, आणि त्यामुळे जगातल्या यच्चयावत बिघाडांवर त्याचं निदान एकच आहे: "हवा घेऊन रायला." लग्नात कूलर चालेना, हवा घेऊन रायला. (कूलरने हवा घ्यायचीच असते.) मला पायऱ्या चढताना दम लागला, "भाऊजी, तुम्ही कुठंतरी हवा घेऊन रायले." अनुदान मुंबईहून निघालं आणि खात्यात आलं नाही, "मधात पाइप हवा घेते." या शेवटच्यावर मात्र आम्ही कोणी वाद घातला नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो दरवर्षी भेंडवळला जातो. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात वाघ घराणं शेतात घट मांडतं. गोलात अठरा धान्यं, मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, पापड, कुरडई, वडा, आणि राजाच्या गादीचा पानविडा. रात्री तिथे कोणी थांबत नाही. पहाटे कोणता दाणा हलला, कोणता जागचा सुटला, हे पाहून वर्षाच्या पीकपाण्याचं भाकीत सांगतात. मेहुणा ते ऐकून दुसऱ्या दिवशी घाट चढून बहिणीकडे आंबे घेऊन येतो आणि भाकीत आम्हाला पुन्हा सांगतो, स्वतःच्या दुरुस्त्यांसह. त्या दिवशीही आला. मी अंगणात बॉनेट उघडून उभा होतो. मागे शेजारी, दोन पोरं आणि दूधवाला.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. मला पुढचं वाक्य माहीत होतं.

त्याने पिशवी ठेवली, चपला काढल्या (का, कोणास ठाऊक, देवळात शिरल्यासारखा), आणि इंजिनावर वाकून कान दिला. "बंद नका करू. आवाज नका करू कोनी." दूधवाल्याने किटली खाली ठेवली. मेहुणा एकेक रबरी नळी दोन बोटांत धरून दाबत गेला, म्हशीची आचळं चाचपावीत तसा. एक. दोन. काही नाही. मग मॅनिफोल्डला जाऊन बसणारी करंगळीएवढी एक नळी त्याने वळवली, वळणाच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवला, आणि इंजिन शांत झालं.

शांत म्हणजे साधं शांत नाही. थरथर एकदम खाली बसली, जसं रडणारं पोर पदराखाली घेतल्यावर बसतं. मेहुण्याने अंगठा उचलला. खडखड, दारातली काच, नाणी. अंगठा ठेवला. शांत. उचलला, खडखड. ठेवला, शांत. बासरी वाजवावी तसं त्याने ते सात-आठ वेळा केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"हवा घेऊन रायला," मेहुणा म्हणाला.

नळी वाकवली की भेग उघडायची, सरळ केली की टाचेवरच्या भेगेसारखी मिटायची. म्हणून कोणाच्या नजरेला आली नव्हती. यात कंपनीचा काही दोष नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेलं रबर आहे ते. एवढ्या वर्षांत मीही जागोजागी तडकलो आहे.

आणि मग माझ्या डोक्यात ते सगळं एकदम लागलं. एकतीस वर्षं! टॉरिसेली, ७६ सेंटीमीटर पारा, सक्शन पंप सुमारे दहा मीटरपेक्षा खालचं पाणी का ओढू शकत नाही, कारणे द्या, तीन गुण. पाय उचलला की थ्रॉटलची झडप मिटते. इंजिन तरीही हवा ओढतच राहतं, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये चाळीस-पन्नास सेंटीमीटर पाऱ्याइतकी पोकळी तयार होते. अशा वेळी एवढीशी भेग मिळाली तरी बाहेरची हवा तिथून घुसते, कार्बोरेटरला न विचारता. मिश्रण पातळ होतं, शेजारचा सिलिंडर चुकत चुकत पेटतो, प्लग पांढरा पडतो. पाय दिला की झडप उघडते, पोकळी उतरते, आणि हवेच्या त्या लोंढ्यात भेगेची चोरी कळतही नाही. म्हणून घाटात गुणाची आणि चौकात थरथर. हे सगळं मी फळ्यावर काढलं असतं, बाणांसकट. गाडीत मात्र ते मला भेटलं नाही, आणि मेहुण्याला भेटलं, कारण त्याला दुसरं काही भेटतच नाही.

मी हे सगळं त्याला उत्साहाने समजावून सांगितलं. तो ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "तेच म्हनलं ना मी."

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबची पट्टी आणली. मेहुण्याने ती भेगेवर ताणून ताणून गुंडाळली आणि सुतळीने गाठ मारली, अगदी विहिरीवर मारतो तशी. मग शेजाऱ्यांनी चढवलेला स्लोचा स्क्रू अर्धा वळसा परत उतरवला. शेजारी त्या वेळी आकाशाकडे पाहत होते. "हे चार दिवसाचं हाय भाऊजी, नवा पाइप टाकून घ्या," असं सांगून तो आंबे कापायला बसला. नवा पाइप दुसऱ्या दिवशी मिळाला. दोन चहा आणि दोन कचोऱ्यांचे पैसे लागले. त्याआधी प्लग, वायरी, माउंटिंग आणि खसखशीचा दाणा मिळून चार हजार तीनशे गेले होते. हा आकडा बायकोला अजून ठाऊक नाही.

मेहुण्याला मात्र त्यानंतर आवरणं कठीण झालं. परवा आमच्या नातीला दहावीत गणितात कमी गुण पडले, तेव्हा फोनवर तो काय म्हणाला ते मी सांगत नाही. वाईट याचं, की मी ते हसण्यावारी नेऊ शकलो नाही. रात्री उठून विचार करत बसलो, की बीजगणितात असेल की भूमितीत.

नवा पाइप टाकल्यावर पहिल्यांदा बाजारात निघालो. जयस्तंभ चौकात ट्रॅक्टर आडवा आला. पाय उचलला. आरसा स्थिर. त्यात मागचा मोटारसायकलवाला एकच. नाणी गप्प, काच गप्प. बायकोच्या मांडीवरची मेथी निपचित. मी कान देऊन ऐकलं, काहीच ऐकू येईना. बंद पडली वाटतं, असं मनात म्हणून मी किल्ली फिरवली. चालू इंजिनावर सेल्फ असा काही किंचाळला, की ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून पाहिलं.

खिडकीशी केळीवाला पोरगा आला. वाकून त्याने क्षणभर ऐकलं.

"काका," तो म्हणाला, "मले वाटते, सेल्फ गेला तुमचा."